देशाबाहेरच्या संघटनेचा सभासद कोण?

आपल्याकडे एखादी संघटना उभी राहिली की सर्वांत आधी पावतीपुस्तक छापले जाते. वर्गणी देऊन पावती घेतली की माणूस सभासद होतो, तालुक्याला पुरेसे सभासद झाले की शाखा निघते, शाखांनी प्रतिनिधी पाठवले की अधिवेशन भरते आणि कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल होतो. परभणीतल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी बरीच वर्षे असल्यामुळे ही सगळी कागदपत्रे माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि सभासदांची नोंदवही चोख असणे हे संस्थेच्या निकोपपणाचे पहिले लक्षण आहे, याबद्दल आमच्यात कधी दुमत झालेले नाही. परंतु ज्या संघटनेला स्वतःच्या देशात उभे राहायचीच बंदी आहे, जिचे कार्यकर्ते परक्या मुलखात बसून मायदेशातल्या अटकांची, छळाची आणि बेपत्ता झालेल्या माणसांची नोंद ठेवतात, त्या संघटनेचा सभासद कोण, तिची शाखा कुठे आणि तिची नोंदवही कोणाच्या कपाटात, हे प्रश्न एखाद्याच्या जिवावर बेतू शकतात. असे प्रश्न मराठवाड्याच्या घराघरांत एके काळी येऊन गेले आहेत, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

हैदराबाद संस्थानात जाहीर सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागत असे. ‘गश्ती निशाण ५३’ हे त्या हुकमाचे नाव मुक्तिसंग्रामाच्या प्रत्येक इतिहासात येते. त्यामुळे संस्थानी प्रजेच्या हक्कांचा विचार करण्यासाठी निघालेली हैदराबाद राजकीय परिषद खुद्द संस्थानात भरूच शकली नाही. ती १९२३ मध्ये काकीनाड्याला, १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९३१ मध्ये अकोल्याला, म्हणजे चारही वेळा ब्रिटिश अमलाखालच्या मुलखात भरली. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले तेव्हा कुठे मराठवाड्यातल्या माणसाला आपल्याच भूमीवर बसून आपले गाऱ्हाणे मांडता आले. आणि लगेच पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली, जी १९४६ पर्यंत कायम राहिली. स्थापनेपूर्वीच बेकायदा ठरलेल्या संघटनेचे सभासद व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे? २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहाने या प्रश्नाचे एक उत्तर दिले: जो अटक करून घेतो तो सभासद.

दुसरे उत्तर १९४७-४८ मध्ये मिळाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाल्यानंतर लढ्याचा कारभार दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीकडे आला आणि तिची कार्यालये संस्थानाच्या सीमेबाहेर मनमाड, सोलापूर, गदग आणि बेझवाडा (आजचे विजयवाडा) येथे उघडली. नकाशा समोर घेतला की या जागांच्या निवडीतले शहाणपण लक्षात येते. नांदेड, परभणी, जालना आणि औरंगाबाद या गावांवरून जाणारी निजाम सरकारची रेल्वे मनमाडला संपत होती. लातूरची गाडी बार्शीवरून कुर्डुवाडीला जात होती. म्हणजे शाखा अशा ठिकाणी उघडली गेली, जिथे आतून निघालेला माणूस तिकीट काढून उतरू शकेल आणि बातमी सांगून परतू शकेल. माझे एक चुलत आजोबा त्या काळात परभणीकडून मनमाडला चिठ्ठ्या नेत असत. त्यांच्या नावाची पावती कधीच फाडली गेली नाही, त्यांनी कुठल्याही फॉर्मवर सही केली नाही, आणि चिठ्ठी ज्याच्या हाती द्यायची त्याचे खरे नावही त्यांना ठाऊक नव्हते. स्टेट काँग्रेस हा राजकीय पक्ष होता आणि सीमेवरची शिबिरे सशस्त्र होती, त्यामुळे आजच्या अर्थाने तिला मानवी हक्क संघटना म्हणता येणार नाही, हे मी मान्य करतो. पण देशाबाहेर कार्यालय आणि देशाच्या आत बिनपावतीचे सभासद ही रचना मात्र तीच आहे.

या रचनेची किंमत पुढे चुकवावी लागली आणि तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. केंद्र सरकारने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली तेव्हा भूमिगत कामाचा पुरावा मागितला गेला. तुरुंगवास असेल तर तुरुंगाचा दाखला, नसेल तर सोबत काम केलेल्या आणि स्वतः शिक्षा भोगलेल्या कार्यकर्त्याचे प्रमाणपत्र. पोलिसांच्या हाती कागद लागू नये म्हणून ज्यांनी काळजीने कागद ठेवला नव्हता, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हते. माझ्या चुलत आजोबांनी अर्जच केला नाही. उलट बाजूने, बीड जिल्ह्यात बनावट कागदपत्रांच्या आधारे स्वातंत्र्यसैनिक ठरलेल्यांचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोंद नसल्यामुळे खरा माणूस बाहेर राहतो आणि खोटा आत शिरतो, हा धडा आपल्या जिल्ह्यांनी घेतलेला आहे, म्हणून ‘धोका असेल तर नोंदच ठेवू नका’ हे सोपे उत्तर मला पटत नाही.

हा विषय माझ्यापुरता पुन्हा जिवंत झाला तो दर हिवाळ्यात आमच्या शहरात भरणाऱ्या तिबेटी स्वेटरांच्या बाजारामुळे. लुधियानाचा माल घेऊन येणारी ही मंडळी दिवाळीच्या सुमारास तंबू ठोकतात आणि थंडी ओसरली की निघून जातात. १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन त्यामुळे नेमका त्यांच्या मुक्कामात येतो, आणि १९८९ मध्ये दलाई लामांना नोबेल शांतता पुरस्कार याच दिवशी प्रदान झाला असल्याने तो त्यांना दुहेरी महत्त्वाचा वाटतो. एका वर्षी त्या दिवशी दुकानात टांगलेल्या तसबिरीला पांढरी खाटा, म्हणजे आदराने वाहायचा तिबेटी शेला, वाहिलेली पाहून मी चौकशी केली, तेव्हा कर्नाटकातल्या मुंडगोडच्या वसाहतीतून आलेल्या, साठीच्या पुढच्या दीदींनी मला हिंदीत सांगितले की त्या तिबेटी महिला संघाच्या सभासद आहेत, त्यांच्या वसाहतीत संघाची शाखा आहे, पण हिवाळ्यात निम्म्या सभासद गावोगावी स्वेटर विकायला पांगलेल्या असल्यामुळे महत्त्वाची बैठक नववर्षाच्या सणानंतरच घेता येते. वर्गणी किती, असे मी विचारल्यावर त्यांनी रक्कम सांगितली नाही, फक्त ‘सर, कमी आहे, पण कोणी चुकवत नाही’ एवढेच म्हणाल्या.

तिबेटी महिलांचा हा संघ आपले मूळ १२ मार्च १९५९ रोजी ल्हासामध्ये रस्त्यावर उतरलेल्या हजारो स्त्रियांमध्ये मानतो. भारतात त्याची पुनर्स्थापना १० सप्टेंबर १९८४ रोजी झाली, मुख्यालय धरमशालेत आहे आणि देशोदेशी मिळून त्याच्या ५० हून अधिक प्रादेशिक शाखा आहेत. त्याच्याही आधी, ७ ऑक्टोबर १९७० रोजी, तिबेटी युवक काँग्रेस स्थापन झाली आणि तिचे सभासद हजारोंच्या संख्येत आहेत. या शाखांचा भूगोल पाहण्यासारखा आहे. बैलकुप्पे, मुंडगोड, छत्तीसगडमधले मैनपाट अशा वसाहतींमधून त्या उगवल्या. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. म्हणजे ज्या भूमीवरच्या हक्कांसाठी संघटना काम करते, तिथे एकही उघड शाखा नाही, आणि जिथे शाखा आहेत तिथल्या सभासदांचे हक्क चिनी सरकारच्या हातात नाहीत. आपल्या परिचयाच्या संघटनांपेक्षा हे सर्वस्वी वेगळे आहे. १९६१ मध्ये सुरू झालेल्या अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने तर कितीतरी वर्षे असा दंडक पाळला की सभासदाने स्वतःच्या देशातल्या कैद्याचे प्रकरण हाती घ्यायचे नाही, म्हणजे पक्षपाताचा संशय येणार नाही आणि सभासदही सुरक्षित राहील. निर्वासितांच्या संघटनेला ही सोय नाही, तिला स्वतःच्याच देशाबद्दल बोलायचे असते, आणि बोलणाऱ्याचे आईवडील, भावंडे बहुतेक वेळा त्या देशात मागे राहिलेली असतात.

म्हणून सभासद कोणाला करावे याचे निरनिराळे मार्ग अशा संघटनांनी काढले. धरमशालेतल्या माजी राजकीय कैद्यांनी २७ सप्टेंबर १९९१ रोजी गु-चु-सुम ही संघटना स्थापन केली. तारीख निवडताना त्यांनी १९८७ मध्ये त्याच दिवशी ल्हासात झालेल्या भिक्षूंच्या निदर्शनांची आठवण ठेवली. तिथे सभासदत्वाचा आधार तुरुंगवास हाच आहे. याउलट १९९६ मध्ये धरमशालेतच सुरू झालेले मानवी हक्क आणि लोकशाहीसाठीचे तिबेटी केंद्र शाखांच्या आणि सभासदांच्या बळावर चालत नाही. प्रशिक्षित कार्यकर्ते साक्षी नोंदवतात, पडताळतात आणि अहवाल काढतात. दोन्हींची गरज आहे असे मला वाटते, पण एकीचे काम दुसरीने करू नये. हजारो सभासदांच्या संघटनेने मोर्चा काढावा, वर्गणी जमवावी, मुलांना भाषा शिकवावी. साक्षीची पडताळणी मात्र सभेतल्या बहुमताने ठरत नाही.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण म्यानमारचे आहे. थायलंडच्या सीमेवरच्या माए सोत या गावी २३ मार्च २००० रोजी काही माजी राजकीय कैद्यांनी राजकीय कैद्यांसाठी साहाय्य संघटना उभी केली. बो ची हे तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे तुरुंगात काढलेली. कैद्यांच्या कुटुंबांना भेटीच्या प्रवासासाठी आणि शिधासामग्रीसाठी मदत पोहोचवायची आणि कोण कुठल्या तुरुंगात आहे याची यादी अद्ययावत ठेवायची, हे तिचे मुख्य काम. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर मारले गेलेल्यांची आणि अटकेतल्यांची तिने दररोज प्रसिद्ध केलेली यादी संयुक्त राष्ट्रांपासून वृत्तसंस्थांपर्यंत सर्वांनी वापरली. ही यादी माए सोतमध्ये बसून तयार होणे शक्य नाही हे उघड आहे. गावागावांतली कोणी शिक्षिका, कोणी वकील, कोणी कैद्याची बहीण ती माहिती पाठवते. त्या शिक्षिकेचे नाव कुठेच छापले जात नाही, आणि तिने कळवलेल्या कैद्याचे नाव मात्र जगभर छापले जाते. कैद्याचे नाव जितके उजेडात, तितके त्याला गुपचूप नाहीसे करणे अवघड. कळवणाऱ्याचे नाव जितके अंधारात, तितकी पुढची बातमी येण्याची शक्यता जास्त. निर्वासित संघटनेला अशा दोन याद्या ठेवाव्या लागतात, आणि एकीचा नियम दुसरीला लावला की कोणीतरी तुरुंगात जाते.

याद्यांच्या बाबतीत परक्या देशाचे सरकारही नेहमी भरवशाचे नसते, आणि त्यात त्या सरकारचा दुष्ट हेतू असावाच लागतो असे नाही. बेलारूसमधील ‘व्यास्ना’ या मानवी हक्क संघटनेची नोंदणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २००७ मध्ये या निर्णयाने संघटनास्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निर्वाळा दिला, तरी नोंदणी परत मिळाली नाही. नोंदणी नाही म्हणून संघटनेच्या नावाचे बँक खाते नाही, आणि खाते नाही म्हणून संस्थापक आलेस बियालियात्स्की यांच्या वैयक्तिक नावावर शेजारच्या लिथुआनिया आणि पोलंडमध्ये खाती ठेवावी लागली. २०११ मध्ये या दोन्ही लोकशाही देशांच्या अधिकाऱ्यांनी करविषयक नेहमीच्या पत्रव्यवहाराप्रमाणे त्या खात्यांचा तपशील बेलारूसला कळवला, त्यावरून बियालियात्स्कींवर करचुकवेगिरीचा खटला झाला आणि त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. दोन्ही देशांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली. २०२२ चा नोबेल शांतता पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा ते पुन्हा तुरुंगातच होते. जुन्या काळीही असेच घडत आले आहे: १९२२ मध्ये पॅरिसमध्ये इटालियन निर्वासितांनी आपली मानवी हक्क लीग स्थापन केली, आणि पुढे मुसोलिनीच्या गुप्त पोलिसांनी पॅरिसमधल्या फॅसिझमविरोधी वर्तुळांत आपले खबरे सभासद म्हणून पेरले.

आपल्या देशातल्या कायद्याची स्थितीही लक्षात घ्यावी. संघटना स्थापन करण्याचा जो हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) मध्ये आहे, तो फक्त नागरिकांना आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. अनुच्छेद २१ मधले जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मात्र परकीयांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे निर्वासित माणसाला इथे सुरक्षित राहण्याचा हक्क आहे, पण त्याची संघटना आणि तिच्या शाखा या यजमान सरकारच्या सौजन्यावर उभ्या असतात. स्वेटरच्या दुकानात बसलेल्या त्या दीदींना हे कोणीही समजावून सांगण्याची गरज नव्हती. परकीय म्हणून मिळालेल्या स्वतःच्या नोंदणी प्रमाणपत्राची मुदत कधी संपते हे त्यांना तोंडपाठ होते.

अशा परिस्थितीत शाखांची रचना कशी असावी, याबाबत माझे एक ठाम मत झाले आहे. मुख्यालयाकडे शाखेच्या सभासदांची संख्या आणि तिचे दोन पदाधिकारी एवढेच कळावे. नावांची वही शाखेकडे राहावी, आणि देशाच्या आत काम करणाऱ्या कोणाचेही नाव कोणत्याच वहीत असू नये. त्यांच्या कामाची साक्ष त्यांच्यासोबत काम केलेल्या दोघातिघांनी योग्य वेळी देता येईल अशा रीतीने स्वतंत्र जपून ठेवावी, म्हणजे आपल्या भूमिगतांवर आली तशी वेळ त्यांच्यावर येणार नाही. दुसरे असे की प्रत्येक शाखा आपापल्या यजमान देशाच्या कायद्याखाली स्वतंत्रपणे नोंदलेली असावी. रशियातल्या ‘मेमोरियल’चे उदाहरण यासाठी पाहावे. सोव्हिएत काळातल्या दडपशाहीच्या बळींची नोंद करणारी ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ डिसेंबर २०२१ रोजी दिला, पण जर्मनी, इटली, फ्रान्स आणि चेक प्रजासत्ताक येथील तिच्या सहयोगी संस्था आपापल्या देशांत नोंदलेल्या असल्यामुळे मॉस्कोचा आदेश त्यांना लागू झाला नाही. मूळ खोड तोडले तरी पारंब्यांनी जमीन धरलेली असली की वड उभा राहतो, तसे हे झाले.

मात्र या मोकळ्या रचनेत एक अडचण आहे आणि तिच्यावर मला अजून पूर्ण समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. निर्णय कोणाच्या मताने घ्यायचे? मत देऊ शकतात ते बाहेरचे सभासद, आणि परिणाम भोगतात ते आतले लोक. ‘निर्बंध लादा’, ‘वाटाघाटी करू नका’ असा ठराव सुरक्षित शहरातल्या सभागृहात हात वर करून मंजूर करणे सोपे असते. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या २० व्या कलमात संघटनेत सामील होण्याचा हक्क जसा आहे, तसाच कोणालाही एखाद्या संघटनेत राहण्याची सक्ती करता येणार नाही, हेही लिहिले आहे. निर्वासित समाजात प्रत्येक जण आपोआप आपलाच सभासद आहे असे गृहीत धरणाऱ्या पुढाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हवे. माझ्या मते शाखांच्या मतदानाने पदाधिकारी, वर्गणी आणि खर्च ठरावा. संपूर्ण जनतेच्या नावाने भूमिका घ्यायची असेल तेव्हा मात्र आतून आलेल्या साक्षींचा आधार दाखवणे बंधनकारक असावे, आणि तो नसेल तर ‘ही आमच्या सभासदांची भूमिका आहे’ इतकेच म्हणावे.

हा आधार दिवसेंदिवस विरळ होतो आहे. २००८ पूर्वी दरवर्षी दोन-तीन हजार तिबेटी लोक हिमालय ओलांडून भारतात येत आणि त्यांच्या तोंडून आतली हकिकत कळे. त्या वर्षी तिबेटमध्ये झालेल्या निदर्शनांनंतर सीमेवरचा पहारा वाढत गेला आणि आता वर्षाला काही मोजकेच लोक पोहोचतात. दुसरीकडे वसाहतींमधली तरुण मुले उत्तर अमेरिकेला आणि युरोपला चालली आहेत. दीदींची मुलगी टोरांटोत परिचारिका आहे आणि तिथल्या शाखेची सभासद आहे. तिथे वर्गणी जास्त जमते, सभागृह भाड्याने मिळते, खासदार भेटीला येतात. मुंडगोडच्या शाखेत बहुतेक सभासद पन्नाशीच्या पुढच्या आहेत आणि गणपूर्तीसाठी कधी कधी बैठक पुढे ढकलावी लागते. अशा शाखा मोठ्या शाखेत विलीन कराव्यात, असे कोणी सुचवले तर ते हिशेबाला धरून होईल, पण मी त्याच्या विरोधात आहे. आतून एखादी बाई उद्या बाहेर आलीच, तर ती आधी धरमशालेला आणि मग नात्यातल्या कोणाच्या तरी वसाहतीत येईल, आणि तिची हकिकत ऐकून समजू शकतील, तिच्या गावाची, मठाची आणि बोलीची खात्री करू शकतील अशा बायका अजून तिथेच आहेत. गणपूर्तीची संख्या कमी करण्याचा नियम करावा लागला तर करावा, पण ती शाखा चालू ठेवावी.